आधी उंची, मग पैसे : अँडीजच्या गावांतून एकट्यानं आणि स्वस्तात

पेरूच्या राजधानीत, लिमाच्या विमानतळावर उतरलं की पहिला मोह होतो तो कुस्कोच्या विमानाचा. सव्वा-दीड तासाचा प्रवास, तिकीट फार महाग नाही आणि इंकांचं प्राचीन नगर माचू पिचू तिथून जवळ. पण लिमा समुद्रकाठी आहे आणि कुस्को 3,400 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवायची आणि वर आणखी शंभर मीटर चढायचं, तेही नाश्ता आणि दुपारच्या जेवणाच्या मध्ये, खुर्चीत बसून! कुस्कोत मी आठ खाटांच्या खोलीत राहिले होते. त्यातल्या तीन खाटांवरची पांघरुणं दिवसभर हलत नव्हती. तिघंही आदल्या दिवशी विमानानं आलेली. एकीचं माचू पिचूचं तिकीट दुसऱ्याच दिवसाचं होतं, ते वाया गेलं. खाटेचं भाडं मात्र चालूच.

अँडीजमध्ये घासाघीस करून वाचतात ते चार-दोन सोल, म्हणजे पेरूचे रुपये. खरे पैसे उंची नीट चढण्यानं वाचतात, हे मला त्या खोलीत कळलं. सावकाश जाणाऱ्याला देशातल्या देशात विमान लागत नाही, टूर लागत नाही, बहुतेक वेळा डॉक्टरही लागत नाही. शिवाय एका गावात चार दिवस राहिलं की बाजारातली बाई तिसऱ्या दिवशी ओळखीचं हसते आणि चौथ्या दिवशी ग्लासात थोडा जास्त रस ओतते. म्हणून खालचा मार्ग किलोमीटर बघून नाही, मीटर बघून आखलाय. पाच आठवडे, पेरूचा दक्षिण भाग आणि बोलिव्हिया.

निघण्याआधी: कागद, लस, महिना

व्हिसाचं आधी. पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल आणि त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर भारतीयांना पेरूसाठी वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या दूतावासातून काढायचा. बोलिव्हियाचाही दूतावास दिल्लीत आहे. तो व्हिसा घरूनच काढून न्या, कारण आपण ज्या छोट्या सीमेवरून जाणार तिथे वाद घालायला चांगलं स्पॅनिश लागतं. हे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या. अमेरिकेतून जाणारं स्वस्त तिकीट दिसलं तरी जरा थांबा. तिथे नुसतं विमान बदलायलाही आपल्याला व्हिसा लागतो.

दुसरं पिवळ्या तापाच्या लशीचं. पेरू आणि बोलिव्हिया हे दोन्ही देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. परतताना लशीचं ते पिवळं कार्ड जवळ नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची असते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि बऱ्याच ठिकाणी ठरावीक वारीच देतात. तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

महिना मे ते सप्टेंबर. तेव्हा तिथे कोरडा हिवाळा असतो. आकाश निळंशार, दुपारी ऊन चटके देतं आणि सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांत कानटोपी शोधावी लागते. जूनमध्ये पुनोला रात्री पारा शून्याखाली जातो. डिसेंबर ते मार्च पावसाचे. दरडी कोसळतात, रस्ते बंद पडतात. 24 जूनला कुस्कोत इंती रायमीचा सण असतो आणि 28-29 जुलैला पेरूची राष्ट्रीय सुट्टी. त्या आठवड्यांत खाटा आणि बस दोन्ही महागतात.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. सह्याद्रीत हिवाळ्यात दोन रात्रींच्या ट्रेकला नेता तेवढं न्या, वर एक वारा अडवणारं जाकीट, थर्मल आणि चांगलं सनस्क्रीन. टोपी, हातमोजे, स्वेटर तिथल्या बाजारात घ्या. अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचं म्हणून विकलं जाणारं बरंचसं अॅक्रिलिक असतं, पण ऊब तेही देतं.

विमा काढताना मात्र अटी वाचा. किती मीटरपर्यंतचा आजार धरलाय ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपल्या 35 पैकी किमान 13 रात्री 3,400 मीटरवर किंवा त्याहून वर आहेत.

मीटरची शिडी

माझा मार्ग आणि मुक्काम असे:

लिमा, समुद्रकाठ: 1 रात्र
आरेकिपा, 2,335 मीटर: 4
काबानाकोंदे, 3,287 मीटर, आणि दरीच्या तळाचं सांगाये: 3
परत आरेकिपा: 1
कुस्को, 3,400 मीटर: 4
ओयान्तायताम्बो, 2,790 मीटर: 2
आग्वास कालिएन्तेस (माचू पिचूच्या पायथ्याचं गाव), 2,040 मीटर: 2
परत कुस्को: 1
पुनो, 3,830 मीटर: 1
कोपाकाबाना, 3,840 मीटर, आणि तितिकाका सरोवरातलं इस्ला देल सोल बेट: 3
ला पाझ, 3,640 मीटर: 4
सुक्रे, 2,800 मीटर: 6

या झाल्या 32 रात्री आणि उरलेल्या तीन रात्री बसमध्ये: लिमा ते आरेकिपा, आरेकिपा ते कुस्को आणि ला पाझ ते सुक्रे. शक्य असेल तर परतीचं तिकीट लिमाहून न काढता बोलिव्हियातल्या सांता क्रूझहून काढा, म्हणजे आलेल्या रस्त्यानं पार लिमापर्यंत मागे जावं लागत नाही.

या शिडीत आरेकिपा ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. घाई झाली म्हणून हिलाच कात्री लावू नका. पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं शहर, मागे 5,822 मीटरचा एल मिस्ती आणि हवेत पुरेसा प्राणवायू. इथे शरीर रोज थोडं थोडं जुळवून घेतं आणि तुम्हाला फक्त भटकायचं असतं. सान कामिलोच्या बाजारात जेवा, स्पॅनिशचे दोन-चार तास लावा. केसो एलादो नावाचं थंड खा. नावात चीज आहे, पण पदार्थात दूध, नारळ आणि दालचिनी.

काबानाकोंदेला जायला आरेकिपाहून साधी बस असते, पाच-सहा तासांची. वाटेत 4,900 मीटरच्या खिंडीतून जाते, तिथे काचेला डोकं टेकून गप्प बसायचं. सगळ्या टूर चिवायला मुक्काम करतात, आपण पुढे काबानाकोंदेला जायचं. ते चिवायहून साडेतीनशे मीटर खाली आहे, त्यामुळे झोप बरी लागते आणि कोल्का दरीत उतरणारी पायवाट गावातूनच सुरू होते. परदेशी माणसाला कोल्काचं 70 सोलचं तिकीट घ्यावं लागतं. तपासनीस बसमध्येच चढतो.

दरीत उतरायला वाटाड्या लागत नाही, वाट मळलेली आहे. सांगायेपर्यंतचा उतार साधारण 1,100 मीटरचा, अडीच-तीन तासांचा. खाली पाण्याकाठी झोपड्या, खाटा, जेवण सगळं मिळतं. गुडघ्यांची परीक्षा उतरताना आणि दमाची दुसऱ्या दिवशी चढताना. पहाटे चारला टॉर्च लावून निघा. ऊन भिंतीवर आलं की ती चढण निम्म्यानं लांबल्यासारखी वाटते. माझ्यामागून एक माणूस दोन खेचरं घेऊन येत होता. दर वळणावर थांबून नुसता माझ्याकडे बघायचा, एक अक्षर न बोलता. त्याचा धंदा कसा चालतो ते तिसऱ्या वळणावर लक्षात आलं! मी चालतच गेले, पण खेचर घेतलं तर त्यात कमीपणा नाही.

सोरोचे

उंचीच्या त्रासाला तिथे सोरोचे म्हणतात. थोडी डोकेदुखी, भूक मंद, झोप तुटक, जिना चढताना धाप, इतपत बहुतेकांना होतंच. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा ढोबळ नियम आहे. वरची शिडी पहिल्या उडीत तो थोडा मोडते, कारण मधे मुक्कामाचं गाव सोयीचं नाही. म्हणून तर आरेकिपात चार रात्री.

नव्या उंचीवर पहिल्या दिवशी फार वेळ अंघोळ करत बसू नका, बिअर पिऊ नका, पोटभर जेवू नका आणि पाणी पीत राहा. अॅसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, ते घरीच डॉक्टरांना विचारा. सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. कोकाच्या पानांचा चहा, माते दे कोका, प्रत्येक खानावळीत मिळतो आणि पेरू-बोलिव्हियात तो पूर्ण कायदेशीर आहे. चवीला गवती, प्यायल्यावर बरं वाटतं. पण तो औषध नव्हे. डोकं दुखत असताना दोन कप पिऊन पुढच्या खिंडीत जाऊ नका.

कधी घाबरायचं तेही सांगते. नुसतं बसल्या जागी धाप लागतेय, खोकल्यात फेस येतोय, बोलणं असंबद्ध होतंय, किंवा पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चालता येत नाही, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. मिळेल त्या गाडीनं खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. एकट्यानं फिरताना अडचण अशी, की ज्याला त्रास होतोय त्यालाच ते कळत नाही. म्हणून नव्या उंचीवर पहिल्या संध्याकाळी लॉजच्या मालकिणीला सांगून ठेवा, सकाळी नऊपर्यंत खाली आले नाही तर दार वाजवा. मी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा कुणीतरी वाजवलं, एकदा तर साडेसहालाच.

बस, आणि वडाप

शहराशहरांमधल्या बसगाड्या तेर्मिनाल तेर्रेस्त्रे नावाच्या मोठ्या स्थानकातून सुटतात. तिकिटावर नाव आणि पासपोर्टचा क्रमांक लागतो. पेरूत झोपायच्या खुर्चीला कामा आणि अर्ध्या कललेल्या खुर्चीला सेमी-कामा म्हणतात. रात्रीच्या लांब प्रवासाला चांगल्या कंपनीची कामा घ्या. एका रात्रीचं खाटेचं भाडं वाचतं, तेव्हा ती चैन वसूल होते. दुपारच्या प्रवासाला साधी बस पुरते.

नवख्याला हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे स्थानक वापरण्याचं शुल्क. बसच्या तिकिटाशिवाय एका वेगळ्या छोट्या खिडकीवर दोन-चार सोल भरून चिकटपट्टी किंवा चिठ्ठी घ्यावी लागते. ती नसेल तर फाटकावरचा माणूस परत पाठवतो आणि तेवढ्यात ड्रायव्हर इंजिन सुरू करतो. मी आरेकिपात पाठीवर अकरा किलो घेऊन त्या खिडकीकडे धावलेय. तेव्हा तिकीट घेतानाच विचारा, 'तासा दे एम्बार्के?'

पिशवी डोक्यावरच्या फळीवर ठेवायची नाही, दोन पायांमध्येही नुसती ठेवायची नाही. पट्टा मांडीला गुंडाळायचा. फळीवरून माझी एक पिशवी रात्रीत गेली. आत धुवायचे मोजे आणि अर्धं वाचलेलं पुस्तक होतं, म्हणून हसत सांगतेय.

जवळच्या गावांना कोलेक्तीव्हो. म्हणजे थेट आपलं वडाप. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, चालकाचा साथीदार गावाचं नाव ताणून ताणून ओरडतो आणि 'लगेच निघतोय'चा अर्थ सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. उतरायचं असलं की 'बाहा!' म्हणून मोठ्यानं ओरडायचं. हळू म्हणालात तर पुढच्या गावाला उतराल. शेजारच्या बाईनं किती दिले ते बघून तेवढेच द्यायचे. ही युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

बोलिव्हियात बऱ्याच बसमध्ये शौचालय नसतं, किंवा असलं तरी कुलूप असतं. निघण्याआधी पाणी बेतानं प्या आणि खिशात कागद व सुटे पैसे ठेवा.

दोन्ही देशांत रास्ता रोको हा नेहमीचा प्रकार आहे. बोलिव्हियात त्याला ब्लोकेओ म्हणतात, पेरूत पारो. दगड, टायर, ट्रॅक्टर रस्त्यात आडवे, आणि दोन तास की दोन आठवडे ते कुणालाच माहीत नसतं. डिसेंबर 2022 पासून पुढचे काही आठवडे दक्षिण पेरू असाच ठप्प झाला होता, माचू पिचूही बंद होतं. त्यामुळे परतीच्या विमानाआधी तीन-चार दिवस मोकळे ठेवा. सुक्रेच्या सहा रात्री त्याचसाठी आहेत. आणि अडथळा चालत ओलांडायचा असेल तर आधी स्थानिक लोक जातायत का ते बघा.

पोटाचं

दुपारचं जेवण हेच मुख्य जेवण. दारावर खडूनं लिहिलेलं असतं, मेनू देल दिया. सूप, भाताबरोबर काहीतरी आणि एक ग्लास सरबत, पेरूत साधारण 10 ते 15 सोलमध्ये. बोलिव्हियात त्यालाच अल्मुएर्सो म्हणतात. चौकातल्या पर्यटकांच्या हॉटेलात जेवढ्यात एक पिझ्झा येतो तेवढ्यात इथे तीन दिवस निघतात.

शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' म्हणजे 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही. कार्ने म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर गाय-बैल येतो, कोंबडी त्यात धरत नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो', म्हणजे मांस, कोंबडी, मासे यातलं काही खात नाही. तरीही सुपाचा प्रश्न उरतो. चिवायला मी हे वाक्य अगदी नीट म्हटलं, बाईनं मान डोलावली आणि किन्वाचं सुरेख सूप आणलं. तळाशी कोंबडीचा पाय होता, नखांसकट. ती बाई मनापासून गोंधळली, 'पण तो फक्त चवीला आहे ना!' ज्यांना रस्साही चालत नाही त्यांनी सूप सरळ सोडावं आणि बाजारातल्या दुसऱ्या गोष्टींकडे वळावं: चीजबरोबर उकडलेलं मक्याचं कणीस, ओल्या मक्याच्या, पानात वाफवलेल्या उमितास, बटाट्यावर तिखट-चीजची पिवळी चटणी घातलेलं पापा आ ला वांकाइना, आरेकिपाचं सोल्तेरितो नावाचं वाल-मका-चीजचं कोशिंबिरीसारखं सॅलड. ला पाझमध्ये सकाळी जांभळ्या मक्याचं गरम आपी आणि चीज भरलेली फुगलेली तळणी. थंडीत याला तोड नाही.

बाजारात फिरताना एक गंमत लक्षात येते. बटाटा इथला, मिरची, शेंगदाणा, रताळं, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, सगळी लॅटिन अमेरिकेची. आणि किविचा नावानं जे लाह्यांसारखं विकतात तो राजगिऱ्याचा सख्खा भाऊ, त्याच्या मधात बांधलेल्या वड्यासुद्धा मिळतात. आपलं एकादशीचं ताट जवळजवळ अख्खं इथून आलंय! कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात किविचाची वडी खाताना मला आजीचा फराळाचा डबा आठवला. तिला हे सांगितलं असतं तर तिनं एकादशीचं श्रेय ही पिकं आपल्याकडे आणणाऱ्या पोर्तुगिजांना दिलं असतं.

बाजारात विकणारी आणि घेणारी एकमेकींना कासेरिता म्हणतात, म्हणजे नेहमीची. रसाच्या गाड्यावर ग्लास संपला की 'यापा' मागायचा. आपण भाजीवर कोथिंबीर-मिरची वर मागतो, तेच. मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस ती परत ग्लासात ओतते, बहुधा दुसरा ग्लास जवळजवळ भरतोच. न मागता यापा मिळाला की समजायचं, या गावात पुरेसे दिवस राहिलो.

माचू पिचू, रेल्वेच्या भाड्याशिवाय

प्रवेशाचं तिकीट परदेशी माणसाला 152 सोल, ते टाळता येत नाही. खर्च वाढतो तो रेल्वेनं. त्याला पर्याय इद्रोएलेक्त्रिका या जलविद्युत केंद्राचा रस्ता.

तिकीट पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर काढा. हंगामात ते आधीच संपतं. 2024 पासून फिरायचे मार्ग ठरवून दिलेत, तेव्हा कोणता मार्ग घेताय ते बघा. नेहमीच्या फोटोतलं दृश्य सगळ्या मार्गांवरून दिसत नाही. ऑनलाइन संपलं असेल तर रोज थोडी तिकिटं आग्वास कालिएन्तेस गावातल्या खिडकीवर मिळतात, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. म्हणून तिथे दोन रात्री धरल्यात.

कुस्कोहून व्हॅन पहाटे निघतात, ओयान्तायताम्बोहूनही पकडता येतात. रस्ता 4,300 मीटरच्या माळागा खिंडीतून चढून थेट केळीच्या बागांत उतरतो. सांता तेरेसाजवळचा रस्ता अरुंद, एका बाजूला दरी. खिडकीची जागा कुठल्या बाजूला घ्यायची ते तुमच्या काळजावर. कुस्कोपासून सहा-सात तासांनी व्हॅन इद्रोएलेक्त्रिकाला सोडते. तिथून रुळांच्या कडेनं सुमारे 10 किलोमीटर चालायचं, अडीच-तीन तास, जवळजवळ सपाट. भोंगा ऐकला की कडेला व्हा आणि बोगद्यांत शिरू नका, बाजूनं रस्ता आहे. अंधार सहाच्या सुमारास पडतो, तेव्हा दुपारी तीननंतर चालायला सुरुवात करू नका. पावसाळ्यात हा मार्ग सोडून द्या, दरडी गमतीच्या नसतात.

गावातून वरपर्यंतची बस एका बाजूचे 12 डॉलर घेते. दगडी पायऱ्यांनी दीड तास लागतो. आठवडाभर उंचीवर राहून आलेल्या पायांना या पायऱ्या सोप्या जातात, शिवाय माचू पिचू कुस्कोपेक्षा हजारेक मीटर खालीच आहे.

कुस्कोच्या आसपासची अवशेषांची ठिकाणं बघायची असतील तर 10 दिवस चालणारं एकत्रित तिकीट 130 सोलला मिळतं. पिसाक आणि ओयान्तायताम्बो दोन्ही बघणार असाल तरच घ्या.

सरोवर ओलांडून

पुनोला एकच रात्र पुरे. तितिकाका बघायचं तर कोपाकाबानाहून. युंगुयो-कासानीची सीमा साधी आहे. बसमधून उतरा, पेरूचा निघाल्याचा शिक्का घ्या, कमानीखालून चालत जा, बोलिव्हियाचा शिक्का घ्या. घड्याळ एक तास पुढे करा. बस तुमच्यासाठी पलीकडे उभी असते, पण फार वेळ नाही.

पैशांचं इथेच सांगते. 2023 पासून बोलिव्हियात डॉलरची टंचाई झाली आणि बँकेचा दर व बाजारातला दर यांत मोठा फरक पडला. हा फरक कमी-जास्त होत राहतो, म्हणून लॉजवर भेटणाऱ्या, बोलिव्हियाहून येणाऱ्या प्रवाशांना आजचा दर विचारा आणि काही रक्कम रोख डॉलरमध्ये जवळ ठेवा. नोटा कोऱ्या हव्यात. कोपऱ्यात केसाएवढी फाटलेली नोटही परत करतात. पेरूत खोट्या सोलच्या नोटा फिरतात, तेव्हा दुकानदार जशी उजेडाला धरतो तशी तुम्हीही धरा, कुणाला राग येत नाही.

कोपाकाबानाच्या चर्चसमोर गाड्यांची रांग दिसेल, बोनेटवर फुलांच्या माळा, रंगीत कागद. पाद्री येऊन गाडीवर पवित्र पाणी शिंपडतो, मालक बिअर ओततो, फटाके वाजतात. दसऱ्याला आपल्याकडे गाड्यांचं होतं तेच, फक्त लिंबू-मिरची नाही.

ला पाझच्या रस्त्यावर तिकिनाची सामुद्रधुनी लागते. तिथे पूल नाही. प्रवाशांनी उतरून होडीचं वेगळं तिकीट काढायचं आणि आपली बस सपाट लाकडी तराफ्यावर डुलत पलीकडे येते. पासपोर्ट आणि पैसे बसमध्ये ठेवू नका.

ला पाझ, सुक्रे

ला पाझमध्ये सगळ्यात स्वस्त करमणूक म्हणजे तेलेफेरिको. 2014 मध्ये सुरू झालेली ही केबल कार तिथली रोजची लोकल आहे, एका मार्गाचे 3 बोलिव्हियानो. ऑफिसला जाणारे, शाळकरी मुलं, बटाट्याचं गाठोडं घेतलेल्या आज्या. गुरुवारी किंवा रविवारी एल आल्तोला वर जा, डोंगराच्या माथ्यावर मैलभर बाजार भरतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा.

सुक्रेला उतरलं की आठशे मीटर खाली आल्याचं फुप्फुसांना कळतं. पांढऱ्या भिंतींचं शांत गाव, स्पॅनिशच्या स्वस्त शिकवण्या, बाजारात फळांचे ढीग. रविवारी ताराबुकोचा आठवडी बाजार. वाटेतल्या पोतोसीला बरेच जण खाणी बघायला थांबतात. मी गेले नाही. काम करणाऱ्या माणसांच्या छातीत धूळ जाताना बघायला तिकीट काढणं मला जमेना. 1545 पासून चांदी देणारा तो डोंगर बाहेरूनही दिसतो आणि जुनी टांकसाळ आता संग्रहालय आहे.

एकटी?

'सोलिता?' हा प्रश्न बाजारातल्या प्रत्येक बाईनं विचारला. काळजीनं विचारतात. पण तोच प्रश्न टॅक्सीवाल्यानं विचारला तर पुढच्या गावात मैत्रिणी थांबल्यात असं सांगायचं. नव्या गावात उजेडी पोचा. पहिल्या दोन रात्रींची खाट आधी ठरवा, पुढच्या तिथे जाऊन. ओस्पेदाहे म्हणजे घरगुती लॉज चौकातल्या हॉस्टेलपेक्षा स्वस्त आणि शांत असतात. खोली घेण्याआधी गरम पाण्याची तोटी सोडून बघा. नळाच्या तोंडावरच विजेचा हीटर असतो, वायरी उघड्या. सुरू असताना त्याला हात लावायचा नाही, झिणझिण्या येतात.

साध्या वेशातल्या कुणी पोलिस म्हणून पासपोर्ट आणि पाकीट मागितलं तर देऊ नका. 'चला, चौकीत दाखवते' म्हणा आणि चालायला लागा, टॅक्सीत बसू नका. अंगावर कुणी काही सांडलं आणि दुसरा पुसायला धावला तर आधी पिशवी पकडा. पेरूत पोलिसांचा क्रमांक 105, बोलिव्हियात 110. भारताचा दूतावास लिमात आहे, त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

किती लागतात

एक सोल साधारण 25 रुपयांचा धरा. सामायिक खोलीतली खाट 35 ते 50 सोल, दुपारचं जेवण 10 ते 15, सकाळ-संध्याकाळचं मिळून 20, वडाप-पाणी-फळं 10-15 आणि लांबच्या बसची सरासरी. दिवसाला 110 सोल, म्हणजे पावणेतीन हजार रुपयांच्या आसपास. बोलिव्हिया याहून थोडं कमी. माचू पिचू, कोल्का, कुस्कोचं तिकीट आणि व्हॅन मिळून वर 10-12 हजार. विमान सोडून पाच आठवडे लाखभर रुपयांत बसतात. विमानाचं भाडं एकट्यानंच लाखाच्या पुढे जातं, म्हणून तर दोन आठवड्यांसाठी जाणं मला परवडत नाही.

पेरूत हॉटेलवर 18 टक्के कर असतो, पण परदेशी पर्यटकाला तो माफ आहे. पासपोर्ट दाखवा आणि बिलात लावला नाही ना ते बघा.

शेवटच्या रात्री सुक्रेला सामान भरताना पिशवीचे सगळे कप्पे उलटे करा. कोकाच्या चहाच्या पुड्या कुठेतरी कोपऱ्यात राहतातच, बसमध्ये कुणीतरी दिलेली पानंही. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, चहाची पुडी म्हणून सुटका नाही. माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात सात पानं निघाली, लॉजच्या मालकिणीनं ती घेऊन तिथेच चघळायला सुरुवात केली. रिकाम्या झालेल्या त्या खिशात पिवळं कार्ड ठेवा. मुंबईत उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलावर पासपोर्टच्या आधी तेच मागतात.